सर्व्हरशेजारचा प्लॉटर आणि घरातून फिरून येणारा नकाशा

2020 च्या 14 जुलैला मायक्रोसॉफ्टचं नेहमीचं मासिक सुरक्षा अपडेट आलं. पुण्यातल्या एका आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात ते सर्व्हरवर चढलं, सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि थ्रीडीचं काम करणाऱ्यांची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक, परत उठलीच नाहीत. लॉकडाऊनमुळे सगळे घरी. ज्याचं मशीन बंद, त्याचं काम बंद. मला बोलावणं आलं ते या टप्प्यावर. मशीन्स पुन्हा सुरू करून द्या, एवढंच मागणं होतं. पण चौकशी करायला लागल्यावर कळलं, की मार्चपासूनच तिथे तीन वेगवेगळी दुखणी अंगावर काढणं चाललं होतं: नकाशा नीट दिसत नाही, मीटिंगमध्ये आवाज तुटतो आणि प्लॉट, म्हणजे प्लॉटर नावाच्या मोठ्या कागदाच्या प्रिंटरवर छापायचा नकाशा, निघत नाही. या तिन्हींना ऑफिसात एकच नाव होतं, "रिमोट स्लो आहे."

या प्रकरणातून मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. चित्र, आवाज-व्हिडिओ आणि छपाई या तिन्ही गोष्टी रिमोट डेस्कटॉपच्या (दूरच्या संगणकाची स्क्रीन आपल्याकडे दाखवणाऱ्या सोयीच्या) एकाच खिडकीत दिसतात, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत. कुठलं काम सर्व्हरवर व्हावं आणि कुठलं माणसाच्या हातातल्या लॅपटॉपवर, याचं उत्तर तिन्हींसाठी वेगळं येतं. ते आधी न ठरवता "सर्व्हर घेतला, आता सगळे घरून जोडा" असं केलं, की तिन्ही एकदम बिघडतात आणि दोष इंटरनेटवर जातो.

कार्ड होतं, वाटणारा गेला

ऑफिसचा सर्व्हर विंडोज सर्व्हर 2016 चा, त्यावर हायपर-व्ही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन्स चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. आत एकच ग्राफिक्स कार्ड, आणि ते थ्रीडीवाल्यांच्या मशीन्समध्ये वाटून दिलेलं. हे वाटप करणारी सोय म्हणजे रिमोटएफएक्स व्हीजीपीयू. मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये कॅलिस्टा टेक्नॉलॉजीज ही कंपनी विकत घेतली, तिच्या तंत्रावर रिमोटएफएक्स उभं राहिलं आणि 2011 मध्ये विंडोज सर्व्हर 2008 आर2 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर ते लोकांच्या हाती आलं. कल्पना चांगली होती. व्हर्च्युअल मशीनला एक नकली ग्राफिक्स कार्ड दिसायचं, त्याला दिलेल्या आज्ञा यजमान सर्व्हरकडे जायच्या आणि तिथलं खरं कार्ड काम करायचं. 2016 च्या आवृत्तीत ओपनजीएल 4.4 चीही भर पडली. ओपनजीएल म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची एक प्रमाण पद्धत. स्केचअपसारखी सॉफ्टवेअर तेव्हा ओपनजीएलवर चालायची, त्यामुळे आर्किटेक्ट मंडळींना ही भर मोलाची वाटली.

धोकाही नेमका याच रचनेत होता. आतल्या मशीनमधून आलेली आज्ञा यजमान नीट तपासत नसेल, तर आत बसलेला हल्लेखोर थेट यजमानावर आपला कोड चालवू शकतो. जुलै 2020 मध्ये अशा सहा त्रुटी जाहीर झाल्या. मायक्रोसॉफ्टने त्या दुरुस्त केल्या नाहीत. दोष रचनेतलाच आहे असं सांगून अपडेटमध्ये ती सोयच बंद करून टाकली आणि एप्रिल 2021 मध्ये ती विंडोजमधून काढूनही टाकली. मधल्या काळात काही आज्ञा देऊन ती तात्पुरती चालू करता येत होती.

ऑफिसचा आग्रह अर्थातच त्या तात्पुरत्या मार्गाचा होता. तोंडावर एका सोसायटीचं सबमिशन होतं. मी नको म्हटलं. ज्या सर्व्हरवर सगळ्या ग्राहकांचे नकाशे आणि हिशेबाच्या फायली आहेत, त्याचं दार जाणूनबुजून उघडं ठेवायचं आणि वर पंचवीस घरांमधले वेगवेगळे संगणक त्याला जोडायचे, हे मला पटण्यासारखं नव्हतं. शिवाय सोय जाणार हे नक्की होतं. जी वाट बंद होणारच आहे तिच्यावर आणखी वेळ घालवून काय मिळवायचं?

मग आम्ही माणसांची कामं मांडून पाहिली. बहुतेकजण टूडी ड्राफ्टिंग करत होते: ऑटोकॅड, एक्सेल, पीडीएफ. मोजके लोक मॉडेल फिरवत आणि रेंडर, म्हणजे मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं, काढत. या मोजक्यांची दणकट डेस्कटॉप मशीन्स ऑफिसातच टेबलाखाली बंद पडून होती, प्रत्येकात स्वतःचं ग्राफिक्स कार्ड. ती यूपीएसवर घेतली, चालू ठेवली आणि प्रत्येकाला घरून आपापल्या मशीनवर जोडून दिलं. एक माणूस, एक मशीन, एक कार्ड. यात दिसायला भारी असं काही नाही, पण रेंडर काढणाऱ्याला वाटून घेतलेलं कार्ड कधीच पुरत नाही, हे मी आधीही पाहिलं होतं. एकच पथ्य: गुरुवारी महावितरणची देखभाल असली की आदल्या संध्याकाळी मोठं रेंडर लावायचं नाही.

सर्व्हरमधलं कार्ड टूडीवाल्यांना गेलं. सर्व्हर 2016 मध्ये एक वेगळी सोय आहे, जिच्यात अख्खं कार्ड एकाच व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात देता येतं, मध्ये वाटणारा कुणी नाही. ते मशीन सेशन होस्ट केलं, म्हणजे एकाच विंडोजवर अनेकांनी आपापलं सेशन उघडायचं आणि कार्ड सगळ्यांत आपोआप वापरलं जाणार. सॉफ्टवेअरचा परवाना अशा सामायिक सर्व्हरवर चालवू देतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घेतलं. ते न करता पुढे जाऊ नये.

कार्ड दिलं, त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) बसला, तरी रेषा तशाच रखडत होत्या. कार्ड निवांत आणि प्रोसेसर तापलेला. कारण सेशन होस्टवर रिमोट सेशनचं चित्र मुळात प्रोसेसरच काढतो. हार्डवेअर कार्ड वापर, असं ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या ॲडमिनने ठरवायच्या सेटिंगमध्ये, वेगळं सांगावं लागतं. ती एक पॉलिसी चालू केली आणि सगळ्यांना पुन्हा लॉगिन करायला लावलं, तेव्हा कुठे कार्ड कामाला लागलं. पैसे मोजून कार्ड घेतलेलं असतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसतही असतं, म्हणून कुणी पुढे बघत नाही.

लाल तुटक रेषा

दुसऱ्याच दिवशी सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समनचा फोन. ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणतात. "पळतंय आता छान. पण ड्रेनेजची लाइन मला अजून दिसत नाही."

महापालिकेच्या मंजुरीसाठीच्या नकाशात रंगांना नियमाने अर्थ दिलेला असतो. जागेची हद्द जाड काळी, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरक्या रेषांनी, ड्रेनेज लाल तुटक. ऑटोकॅडची पार्श्वभूमी काळी आणि तिच्यावर एका पिक्सेलची बारीक लाल तुटक रेषा. काकांच्या स्क्रीनवर ती विटकरी धुरासारखी दिसत होती. झूम केलं की नीट, झूम काढलं की गायब.

याचं कारण व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमध्ये आहे. साध्या एचडी स्क्रीनचं चित्र न दाबता सेकंदाला 30 वेळा पाठवायचं म्हटलं, तर जवळपास दीड गिगाबिटची लाइन लागेल. म्हणून चित्र एच.264 या व्हिडिओच्या पद्धतीने दाबून पाठवतात. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे 4:2:0 मध्ये, उजेड प्रत्येक पिक्सेलचा पाठवतात, पण रंग चार पिक्सेलना मिळून एक. सिनेमात हे कळत नाही, कारण आपला डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला तितका टिपत नाही. नकाशात मात्र रेषाच एका पिक्सेलची, तिचा रंग शेजारच्या काळ्यात मिसळतो. त्यातही लाल फार वाईट मार खातो, कारण शुद्ध लालाचा उजेड मुळातच कमी. एचडी व्हिडिओच्या गणितात तो पांढऱ्याच्या सुमारे 21 टक्के धरतात. म्हणजे काळ्यावरच्या लाल रेषेची ओळख जवळजवळ सगळी रंगातच असते आणि कात्री नेमकी रंगालाच लागते. पांढऱ्या आणि पिवळ्या रेषा काकांना स्वच्छ दिसत होत्या, त्या याचमुळे.

विंडोज 10 आणि सर्व्हर 2016 पासून रिमोट डेस्कटॉपमध्ये यावर उपाय आहे: एव्हीसी 444, म्हणजे रंगही प्रत्येक पिक्सेलचा. पॉलिसी चालू केली. ती खरंच लागू झाली का, हे सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 162 क्रमांकाच्या नोंदीत दिसतं. तिथे प्रोफाइल 2048 आलं, की 4:4:4 चालू. काकांच्या सेशनला ते येईना. त्यांच्या घरचा संगणक विंडोज 7 चा होता. त्याचा आधार जानेवारी 2020 मध्येच संपला होता आणि त्याच्या रिमोट डेस्कटॉपला ही पद्धत माहीतच नव्हती. ऑफिसातलं एक मशीन त्यांच्या घरी पोचवलं आणि रेषा दिसू लागली. चार महिने हा माणूस लाल लाइन शोधायला दर वेळी झूम करत होता आणि "डोळे कमी झाले असतील" म्हणत होता. मला याचं फार वाईट वाटलं. दिसत नाही असं जुना माणूस म्हणतो, तेव्हा आधी त्याच्या स्क्रीनपुढे जाऊन बसावं.

कर्सरचं दुखणं यात मिसळलेलं होतं, पण वेगळं. नेहमीचा बाण आपला लॅपटॉपच काढतो, म्हणून तो हाताबरोबर हलतो. ऑटोकॅडचा क्रॉसहेअर, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा कर्सर, मात्र ऑटोकॅड स्वतः काढतं, म्हणजे सर्व्हरवर, आणि तो व्हिडिओचा भाग म्हणून आपल्याकडे येतो. त्यामुळे वर्डमध्ये सगळं सुरळीत आणि कॅडमध्ये कर्सर हाताच्या मागे मागे. इथला व्हीपीएन, म्हणजे घरापासून ऑफिसपर्यंतचा इंटरनेटवरचा खासगी बोगदा, टीसीपी या पद्धतीवर चालणारा होता. घरच्या वायफायवर माहितीचं एखादं पाकीट गळालं की ते परत येईपर्यंत मागची सगळी रांग थांबायची. यूडीपीवर, म्हणजे गळालेल्या पाकिटासाठी न थांबणाऱ्या पद्धतीवर, चालणारा बोगदा केल्यावर तो हिसका गेला. थोडा उशीर राहिला, पण तो एकसारखा होता, आणि एकसारख्या उशिराला हाताची सवय होते.

मीटिंग आणि वॉकथ्रू

इथे फार गुंता नव्हता. ग्राहकाबरोबरची मीटिंग लोक रिमोट सेशनच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडत होते, कारण दाखवायचं मॉडेल तिथेच. मग त्यांचा आवाज घरातून सर्व्हरवर, तिथून मीटिंगच्या यंत्रणेत, आणि समोरच्याचा आवाज त्याच वाटेने उलटा. बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. इथे दोन जादा फेऱ्यांनी ती मर्यादा ओलांडली जात होती, म्हणून दोघंही एकदम बोलायचे आणि एकदम थांबायचे. व्हिडिओ तर सर्व्हर उलगडणार, स्क्रीनवर काढणार, परत दाबून घरी पाठवणार. एकच काम दोनदा, आणि ते करणारा प्रोसेसर सगळ्यांचा सामायिक.

मोठ्या कंपन्यांच्या आभासी डेस्कटॉपमध्ये व्हिडिओ न उलगडता तसाच लॅपटॉपकडे वळवण्याची सोय असते. या ऑफिसाला तिची गरज नव्हती. मीटिंग लॅपटॉपवर उघडायची आणि तिच्यात रिमोट डेस्कटॉपची खिडकी शेअर करायची, एवढा नियम केला. वॉकथ्रूची, म्हणजे इमारतीतून फिरवून आणणाऱ्या व्हिडिओची, एमपी4 फाइल सेशनमध्ये चालवून बघायची नाही, उतरवून घेऊन लॅपटॉपवर बघायची. तक्रारी थांबल्या.

प्लॉट मारलाय, पण निघत नाही

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. छपाईला कुणी गांभीर्याने घेत नाही. रिमोट डेस्कटॉप निवडताना लोक स्क्रीन बघतात, आवाज ऐकतात आणि प्रिंटचं "ते काय, होतंच" म्हणून सोडून देतात. पण आर्किटेक्टच्या ऑफिसातून शेवटी बाहेर काय जातं? सही-शिक्क्याचा कागद.

ऑफिसात मोठा प्लॉटर होता, सर्व्हरच्या कपाटापासून दहा फुटांवर. लॉकडाऊनमध्ये एक ऑफिस बॉय परवानगी काढून येत असे, तो कागद घडी घालून ठेवायचा. काका घरून प्लॉट मारायचे आणि त्याला फोन करायचे. उत्तर ठरलेलं: "दिवा लुकलुकतोय काका, पण कागद ओढत नाहीये." पाऊण-एक तासाने कधी नकाशा निघायचा, कधी अर्धा निघून थांबायचा. प्लॉटर बिघडला असं समजून दुरुस्तीवाल्यालाही बोलावून झालं होतं.

मी काकांना प्लॉटच्या खिडकीत प्रिंटरचं पूर्ण नाव वाचून दाखवायला सांगितलं. नावाच्या शेवटी कंसात "रिडायरेक्टेड" आणि एक आकडा. तिथेच सगळं उलगडलं.

रिमोट डेस्कटॉपने जोडलं की आपल्या लॅपटॉपवरचे प्रिंटर सेशनमध्ये आपोआप उगवतात, म्हणजे घरच्या प्रिंटरवर छापता येतं. नाव तेच, पुढे हा शेपटीचा शब्द. लॉकडाऊनच्या सुरुवातीला कुणीतरी सगळ्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएनमधून ऑफिसचा प्लॉटरही बसवून दिला होता. त्यामुळे काका सर्व्हरवर बसून प्लॉट मारत तेव्हा ते काम सर्व्हरवरून निघून काकांच्या घरी जायचं, तिथला लॅपटॉप त्याचं प्लॉटरच्या भाषेत रूपांतर करायचा आणि व्हीपीएनमधून ते परत ऑफिसात, दहा फुटांवरच्या प्लॉटरकडे पाठवायचा. तेही घरच्या लाइनच्या अपलोडवर, जी बाजू बहुतेक घरांत अशक्त असते.

आता यात वजन किती? साधा रेषांचा नकाशा हलका असतो, कारण "इथून इथे रेष ओढ" एवढंच जातं. पण नकाशात कुठेही पारदर्शक हॅच (एखादा भाग भरायची छटा किंवा नक्षी) असेल आणि प्लॉट करताना पारदर्शकता चालू असेल, तर ऑटोकॅड त्या नकाशाचं ठिपक्यांचं चित्र करतं. ए0 कागद 841 गुणिले 1189 मिलिमीटर. 600 डीपीआयने त्यात सुमारे 56 कोटी ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट धरले तर न दाबता 1.7 जीबीच्या आसपास. 10 एमबीपीएसच्या अपलोडवर एवढं चढवायला बावीस मिनिटं लागतात, तेही लाइन दुसऱ्या कुणी वापरत नसेल तर. बगिच्याच्या हिरवळीवर एक फिकट पारदर्शक हॅच टाकलेला होता. नकाशा रखडत होता तो त्यापायी.

उपाय तीन भागांत केला. प्लॉटरची रांग थेट सेशन होस्टवर बसवली, म्हणजे सर्व्हर ते प्लॉटर सरळ ऑफिसच्या वायरवरून. लॅपटॉपवरून प्लॉटर काढून टाकला आणि पॉलिसीने सेशनमध्ये घरचा फक्त डीफॉल्ट प्रिंटर येऊ दिला. तिसरं म्हणजे, हॅचची पारदर्शकता काढून फिकट रंग वापरायचा असं ड्रॉइंगच्या टेम्प्लेटमध्येच ठरवून टाकलं. त्या संध्याकाळी काकांनी प्लॉट मारला आणि ते ऑफिस बॉयला फोन लावेपर्यंत कागद निम्मा बाहेर आला होता.

घरच्या ए4 प्रिंटरसाठी ईझी प्रिंट ठेवलं. सर्व्हर 2008 पासूनची ही सोय मला आजही आवडते. तिच्या आधी प्रत्येक घरातल्या प्रिंटरचा ड्रायव्हर सर्व्हरवर असावा लागे आणि एखादा खराब ड्रायव्हर अख्खा स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा, पाडत असे. ईझी प्रिंटमध्ये सर्व्हर एक्सपीएस नावाच्या एका सामाईक रूपात पान पाठवतो आणि पुढचं काम लॅपटॉपवरचा स्वतःचा ड्रायव्हर करतो. सर्व्हरवर परका ड्रायव्हर नाही. पत्रं, बिलं, एखादं ए4 तपशिलाचं चित्र यासाठी ते उत्तम आहे.

फॉन्टचं एक छोटं प्रकरण यातच मिटलं. नकाशातल्या मराठी टिपांच्या जागी प्रश्नचिन्हं छापली जात होती. फॉन्ट प्रत्येकाच्या लॅपटॉपवर होते. पण फाइल उघडते सर्व्हरवर, तेव्हा ऑटोकॅड फॉन्टही तिथेच शोधणार. ते सर्व्हरवर टाकले, प्रश्नचिन्हं गेली.

पुढचं वर्ष

जुलै 2021 मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेली त्रुटी आली. विंडोजच्या स्पूलरमधून हल्लेखोराला थेट सिस्टिमचे अधिकार मिळत होते. मायक्रोसॉफ्टने 6 जुलैपासून वेळापत्रकाबाहेर अपडेट दिली आणि 10 ऑगस्टच्या अपडेटपासून नेटवर्कवरून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार सक्तीचे झाले. ज्या ऑफिसांत प्रिंट सर्व्हरवरून ड्रायव्हर आपोआप उतरायचे, तिथे प्रिंट देताना ॲडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी येऊ लागली. या ऑफिसात ती आली नाही, कारण प्लॉटरचा ड्रायव्हर सेशन होस्टवर एकदाच, ॲडमिनच्या हाताने बसलेला होता. डोमेन कंट्रोलरवरचा (सगळ्यांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवरचा) स्पूलर आम्ही बंद केला, या ऑफिसात तिथे त्याची गरज नव्हती. सेशन होस्टवर बाहेरून येणारी प्रिंटची जोडणी पॉलिसीने नाकारली, प्लॉटरची थेट रांग तशीच चालू राहिली.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. ग्राहकाला दाखवायच्या प्रेझेंटेशन शीटचे रंग. 4:4:4 ने रेषा स्वच्छ झाल्या, पण घरोघरचे मॉनिटर वेगळे, त्यांच्या सेटिंग वेगळ्या. कोटा स्टोनचा राखाडी एकाच्या घरी निळसर आणि दुसऱ्याच्या घरी तपकिरी. त्यावर रिमोटच्या बाजूने करण्यासारखं काही नव्हतं. ऑफिसातला एकच मॉनिटर प्लॉटरच्या कागदाशी जुळवून घेतला आणि प्रेझेंटेशनची शेवटची शीट त्याच्यासमोर बसून पाहिल्याशिवाय छापायची नाही असं ठरलं. रेंडरचं काम करणारी मुलगी त्यासाठी आठवड्यातून एकदा ऑफिसात येऊ लागली.